गावावर सोडलेलं पाणी

माझ्याकडे भाड्यानं द्यायचा लाउडस्पीकर होता, त्यामुळे पुढाऱ्यांचं तोंड मी इतरांपेक्षा जवळून पाहिलंय. मतदाराला फक्त भाषण ऐकू येतं. मला त्याच्या आधीचं सगळं ऐकू यायचं. खाकरणं, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारणं, शेजारच्याला हळूच ‘ह्या गावाचं नाव काय म्हणाला?’ असं विचारणं. माइक कधी चालू झाला हे बहुतेकांना कळायचंच नाही. कळलं की ते त्यावर टिचकी मारायचे आणि चुलीतला जाळ फुंकावा तशी फुंकर घालायचे. माइकवर फुंकर घालणाऱ्याला मत देऊ नये असं मी तेव्हाच ठरवलं होतं. पण मग द्यायचं कुणाला, ही अडचण उरायचीच.

येरमाळ्याला बसथांब्यासमोर एका हॉटेलला चिकटून माझी टपरी होती. एक अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, एक जाडजूड बॅटरी आणि वायरीची भेंडोळी, एवढा संसार. लग्नं, बारशी, येडेश्वरीची जत्रा, आमच्या वस्तीतली चौदा एप्रिलची जयंती, आणि अधूनमधून निवडणूक. आसपासच्या गावांत दुसरा स्पीकर नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजूंचे उमेदवार माझ्याच कर्ण्यातून ओरडायचे. सकाळी ज्याला चोर म्हटलं त्यालाच तो कर्णा दुपारी जनतेचा कैवारी म्हणायचा. कर्ण्याला लाज नसते हे मी समजू शकतो. त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांनाही ती नव्हती, हे समजून घ्यायला मला काही वर्षं लागली.

राहायला मी गावात, सायकलीनं येऊन-जाऊन. आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. वस्तीला स्वतःचा आड होता. पावसाळ्यात तो भरायचा, हिवाळाभर पुरायचा आणि होळीच्या आसपास तळाचा दगड दाखवायचा. त्यानंतर गावची विहीर. त्या विहिरीत आम्ही पोहरा सोडायचा नाही. घागरी मांडून बाजूला उभं राहायचं आणि वरच्या कुणा बाईला किंवा गड्याला दया आली, वेळ मिळाला, लहर आली, की तो वरून ओतणार. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीवर कायदा पाणी शेंदायला येत नव्हता. माझी माय ह्या उभं राहण्याला जेवढी विटली होती तेवढी उपासालाही विटली नव्हती.

आडाचं पाणी टिकवण्याचा इलाज वस्तीच्या वरच होता, डोळ्यांसमोर. बहात्तरच्या दुष्काळात ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. अख्ख्या शिवारातली बाया-माणसं तिथं राबली. मायनं डोक्यावरून माती वाहिली, दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली, रात्री परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी भाजल्या आणि पुन्हा माती वाहिली. बांध दोन्ही काठांकडून पुढं सरकत आला. मधली घळ, जिच्यातून ओढा वाहतो ती, सगळ्यात शेवटी भरायची असते. ती भरायची वेळ आली आणि पाऊस पडला. हजेरीचं मस्टर बंद झालं, साहेबांची जीप यायची बंद झाली. मधले दात पडलेल्या तोंडासारखा तो बांध तसाच राहिला. दर पावसाळ्यात पाणी यायचं, दोन्ही बाजूंच्या मातीकडे बघायचं आणि घळीतून निघून जायचं.

ती घळ भरली असती तर पाणी अडलं असतं, जमिनीत मुरलं असतं, आणि आमचा आड मृगापर्यंत टिकला असता. मायचं सगळं राजकारण एवढंच होतं. गावात कुठलीही जीप आली की ती पदर सावरून पुढं व्हायची आणि विचारायची, “घळ कवा भरणार?” मग जीपमध्ये इंजिनिअर असो, तलाठी असो, नाहीतर कुटुंबनियोजनवाले असोत.

त्यानंतर काही वर्षांनी झेडपीची निवडणूक लागली. आमच्या गटात दोन उमेदवार उभे राहिले.

एक चेअरमन. आधी सोसायटीचे चेअरमन, मग खरेदी-विक्री संघाचे, मग कारखान्यावर संचालक, पण ‘चेअरमन’ हे पहिलं नावच त्यांना चिकटलं. घरची माणसंही त्यांना चेअरमनच म्हणायची. सहकार म्हणजे काय, असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आपल्या गोठ्याकडे बोट दाखवलं असतं. दुष्काळातल्या चारा डेपोतला कडबा त्या गोठ्यात जाताना गावानं पाहिला होता. सोसायटीचं खत त्यांच्या उसाला पडताना पाहिलं होतं. त्यावर कुणी ब्र काढला नव्हता, उलट दसऱ्याला सोनं द्यायला सगळे त्यांच्याच दारात पहिले.

दुसरे वकील. उस्मानाबादच्या कोर्टात वकिली करायचे. धाराशिव हे त्याचं नाव तेव्हा कागदावर नव्हतं. गोरेपान, कपडे पांढरेशुभ्र, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण उगाच जन्माला आलो असं वाटावं. एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. माइकवर ते कधी फुंकर घालत नसत. म्हाताऱ्या बायांच्या पाया पडायचे, आमच्या वस्तीत आले की मात्र लांबूनच हात जोडायचे. ते हात इतके सुंदर जोडलेले असायचे की ते लांबून जोडलेत हे पुष्कळांच्या लक्षातही यायचं नाही. आणखी एक गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. घळ भरली तर वर जे रान बुडायचं होतं, ते वकिलांच्या मेव्हण्याचं होतं.

प्रचाराला चेअरमनची जीप आणि तिच्यावर माझा कर्णा, म्हणून मी मागच्या बाकावर. आमच्या गावच्या सभेला निघालो तेव्हा बांधाजवळ माय आणि आणखी दोघी जळण गोळा करत होत्या. माय सवयीनं आडवी आली. जीप थांबली.

“चेअरमन, घळ कवा भरणार?”

चेअरमन खाली उतरले. मायसाठी उतरले नाहीत. बांधाच्या खालच्या बाजूला त्यांचा ऊस होता, तो बघायला उतरले. उसाकडे बघतच म्हणाले, “हे बघ बाई, तुज्यासाठी म्हणून म्या काय ती भरणार न्हाय. खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात माझी विहीर तळाला जाती आन ऊस वाळतो. घळ भरली तर विहीर टिकंल. माझी विहीर टिकली तर तुमचा आड बी टिकंल, त्यो तर माझ्या विहिरीच्या वरच हाय. निवडून आलो की पयलं काम हेच. कारखान्याचे ट्रॅक्टर लावतो.”

जीप हलली. मी मागं वळून पाहिलं तर माय हसत होती. घरी आल्यावर मी म्हणालो, “माय, चोर हाय त्यो.”

“हाय की. पण त्याच्या सोताच्या पोटात दुखतंय. त्यो भरंल. वकिलाचं पोट कशानं दुखणार? त्यो नळाचं पितो.”

मला चेअरमनचा तिटकारा होता आणि अजून आहे. पण त्या दुपारी त्यांचा लोभ आणि आमची तहान एका ओढ्यात आली होती, आणि एवढी साधी गोष्ट घडायला फक्त त्यांनी तोंड सांभाळायला हवं होतं.

सभा मारुतीच्या पारावर होती. पारावर टेबल, टेबलावर भरतकामाचं कापड, त्यावर पितळी तांब्या आणि फुलपात्र. गाव पारासमोर बसलेलं, वस्ती शाळेच्या भिंतीला टेकून उभी. मी पाराच्या कडेला माझी पेटी मांडून बसलो होतो. एक गंमत सांगतो. माझा माइक हे लोक तोंडाला लावायचे, त्यावर त्यांची थुंकी उडायची, कधी ओठ घासायचे, त्याचा कुणाला विटाळ झाला नाही. तांब्या मात्र माझ्यापासून हातभर लांब सरकवून ठेवलेला असायचा.

चेअरमनना भाषण कुणीतरी लिहून दिलं होतं. मी कागदावरचं ते वाक्य त्यांच्या खांद्यावरून वाचलं होतं, ‘या गावात मी पाणी आणीन.’ बस्स, एवढंच. दुसरीतल्या पोराला वाचता आलं असतं. पण समोर माणसं बघून चेअरमनना स्फुरण चढलं. कागद खिशात गेला, मूठ वर गेली.

“मायबाप हो! ह्या मारुतीच्या साक्षीनं सांगतो. मला एकदा निवडून द्या. निवडून आलो की म्या ह्या गावावर पाणी सोडणार म्हंजे सोडणार!”

मग देवळाच्या भिंतीला टेकलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “अवो चेअरमन, ते तर मागंच सोडलं की. आता परत कशाला सोडता?”

हसू फुटलं. आधी म्हाताऱ्यांत, मग पोरांत, मग बायांत. चेअरमनना वाटलं, लोक खूश झाले. माणूस इतकी वर्षं खुर्चीत बसला की हसणं आणि टाळी ह्यांतला फरक त्याला कळेनासा होतो. त्यांनी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. आणि नुसतं म्हटलं नाही, करून दाखवलं. टेबलावरचा तांब्या उचलला, उजवा तळहात पुढं केला आणि हातावरून पाणी खाली सोडलं.

“असं! असं पाणी सोडीन ह्या गावावर!”

एखाद्या गोष्टीची आशा कायमची टाकताना भटजी जसं हातावरून पाणी सोडायला लावतो, अगदी तसं. त्यात ते पाणी, फेब्रुवारीतलं, पाराच्या दगडावरून ओघळत मातीत गेलं. ते बघून हसणाऱ्या दोन-तीन बाया गप्प झाल्या. बाकीचं गाव मात्र एकमेकांच्या अंगावर पडून हसत होतं. शाळेच्या भिंतीशी आमची वस्तीही हसत होती. माय हसत नव्हती. ती मातीतल्या ओलीकडे बघत होती.

शाळेत मास्तरांनी छड्या मारून शिकवलेली विभक्ती नि शब्दयोगी अव्ययं माझ्या कधी उपयोगी पडली नव्हती. ‘गावात’ आणि ‘गावावर’ ह्यांत एवढं अंतर असतं हे त्या दिवशी कळलं. कडबा चोरून माणूस पडला नाही, खत चोरून पडला नाही, ‘वर’ म्हटलं आणि पडला. आमच्या लोकांची ही न्यायबुद्धी मला आजही उमगलेली नाही. चोरी त्यांना चालते. बोलताना अडखळलेलं चालत नाही.

ती गोष्ट दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या हॉटेलात माझ्या आधी पोचली होती. चहावाला गिऱ्हाइकाला पाण्याचा ग्लास देताना ‘सोडू का?’ असं विचारत होता. कळंबच्या बाजारात गेली, एसटीनं ईटला गेली. बेंबळीला एका लग्नात मी स्पीकर घेऊन गेलो, तिथं वरपक्षाच्या एका पाहुण्यानं मलाच तो किस्सा ऐकवला, आणि तोही चुकीचा. त्याच्या किश्श्यात चेअरमननं घागर ओतली होती.

वकिलांना तर घबाड मिळालं. त्यांची आमच्या गावात सभा झाली तेव्हा ते उभे राहिले, काही बोलले नाहीत, टेबलावरचा तांब्या उचलला, लोकांना दाखवला आणि अलगद परत ठेवला. पाच मिनिटं हसू थांबेना. मग म्हणाले, “मी काय बोलणार? माझं भाषण चेअरमनसाहेबांनीच करून ठेवलंय.” पुढच्या गावात हेच, त्याच्या पुढच्या गावात हेच. तांब्या उचलायचा, ठेवायचा. धरणावर, रस्त्यावर, शाळेवर त्यांना एक अक्षर बोलावं लागलं नाही. कर्णा माझा होता म्हणून सांगतो, त्या सबंध प्रचारात त्यांनी ‘घळ’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही, आणि सभेत कुणी विचारलंही नाही. सगळे तांब्याची वाट बघत असायचे.

चेअरमनच्या गोटात खलबतं झाली. कारखान्यातली दोन-तीन शहाणी माणसं सोबतीला आली, ती रोज नवा सल्ला द्यायची. एका गावात त्यांनी चेअरमनना ‘सोडणे’ हा शब्दच वर्ज्य करायला सांगितलं. चेअरमननी तो पाळला. छाती फुगवून म्हणाले, “ह्या गावाला पाणी पाजल्याबिगर म्या गप बसणार न्हाय!”

पुढच्याच रांगेत एक म्हातारी बसली होती. ती हात जोडून म्हणाली, “आरं बाबा, अजून जिती हाय म्या. इतक्यात पाणी नको पाजू.”

तेव्हापासून ‘पाणी’ हाच शब्द बंद झाला. ज्या भागात लोक दुसरं काही मागत नव्हते, तिथं उमेदवारानं तो शब्द काढायचा नाही असं ठरलं. त्याऐवजी ‘जल’ म्हणायचं. चेअरमनच्या तोंडात ‘जल’ नवीन जोड्यासारखा चावायचा, म्हणून सवयीनं ‘पाणी’ निघालंच तर मी बटण पिळून आवाज बंद करायचा, असा मला हुकूम झाला. मी इमानानं करत होतो. त्यामुळे शेवटच्या सभांत लोकांना ऐकू यायचं ते असं, “म्या तुमच्यासाठी...आणणार! घरोघर...देणार!” आणि मधल्या रिकाम्या जागी गर्दीतून एकेक जण शब्द भरायचा. काय काय भरला ते मी इथं लिहीत नाही. चेअरमन घाम पुसत माझ्याकडे बघायचे आणि त्यांचे शहाणे त्यांना ‘मस्त चाललंय’ अशी खूण करायचे. ती माणसं पुढं कारखान्यात बढतीवर गेली.

मतदानाच्या आधी वस्तीत बैठक झाली. बैठक म्हणजे चेष्टाच. कुणीतरी चेअरमनची नक्कल केली, हातावरून पाणी सोडलं, पोटं धरून हसणं झालं. माय एकटी म्हणाली, “हसा. हसल्यानं घळ भरती का? वकिलाच्या मेव्हण्याचं रान बुडतंय, ते ठावं हाय ना समद्यास्नी?”

ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. एकजण म्हणाला, “पण मावशी, त्या येड्याला मत द्यायचं म्हंजे लोक हसतील आपल्याला.” मला त्या माणसाचा तेव्हा राग आला होता. आता रागही येत नाही. उन्हाळाभर ज्यांच्या विहिरीपाशी आपण उभं राहतो त्यांनी आपल्याला हसू नये, म्हणून तो मत ठरवत होता.

चेअरमन पडले, आणि वाईट पडले. आमच्या गावात तर भावकीनंही दगा दिला असणार. वकिलांची मिरवणूक निघाली, पुढं हलगी, मागं गुलाल, आणि अर्थातच माझा कर्णा. पारापाशी मिरवणूक थांबली तेव्हा माय पुढं झाली.

“वकीलसायेब, घळ कवा भरणार?”

वकिलांनी दोन पावलं मागं सरून हात जोडले. डोळे भरून आल्यासारखे केले. “माय, ती घळ ओढ्यात नाही. ती माझ्या काळजात आहे.”

लोकांनी टाळ्या पिटल्या. असं वाक्य आमच्याकडे कुणी बोललं नव्हतं. माय म्हणाली, “काळजातली ऱ्हाऊ द्या. ओढ्यातली भरा.” पण तोवर हलगी वाजायला लागली होती.

घळ भरली गेली नाही. पहिल्या वर्षी मंजुरी यायची होती, दुसऱ्या वर्षी ती फेरतपासणीला गेली, मग वकील त्याबद्दल बोलेनासे झाले आणि बोलले तेव्हा पुन्हा काळीज काढलं. चेअरमननी वाट बघितली नाही. भागात बोअर मारणारी गाडी पहिल्यांदा आली ती त्यांच्याच रानात. दिवसरात्र धडधड करून तिनं जमिनीत खोल भोक पाडलं, वर मोटर बसली, आणि ऊस हिरवागार झाला. आता त्यांना घळ भरली काय न भरली काय, सारखंच. आणि तो बोअर आमच्या आडाच्या खालीच असल्यानं, होळीला तळ दाखवणारा आमचा आड दिवाळीतच तळ दाखवायला लागला.

एकदा येरमाळ्याच्या हॉटेलात चेअरमन चहा घेत होते. कुणीतरी घळीचा विषय काढला. ते मिशीत हसले. “म्या तर भर सभेत सांगितलं व्हतं की, गावावर पाणी सोडणार म्हणून. लोकास्नी गंमत वाटली.” हॉटेल हसलं. मी टपरीत बसून वायर गुंडाळत होतो. ज्या चुकीनं हा माणूस पडला होता तीच चूक त्यानं आता विनोद करून खिशात टाकली होती. त्याचं काहीच गेलं नव्हतं.

मधे काही वर्षं गेली. पाऊस पुन्हा फिरकेना. गावात टँकर यायला लागला आणि तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, म्हणजे टँकरच्या पाण्यालाही आम्ही घागरी मांडून उभेच. अशात परत निवडणूक आली. ह्या वेळी वकील आणि चेअरमन एकाच पारावर बसले होते. कारखान्यात तुम्ही, झेडपीत आम्ही, अशी काहीतरी वाटणी झालेली. गळ्यात एकसारखे हार. मी पेटी मांडून नेहमीच्या जागी. टेबलावर कापड, कापडावर पितळी तांब्या.

आधी चेअरमन उठले. त्यांनी स्वतःच तांब्या उचलला, लोकांना दाखवला आणि म्हणाले, “ह्या वेळी सोडत न्हाय, भिऊ नका!” गाव हसून लोटपोट. वकिलांनीही मान मागं टाकून हसून दाखवलं. मग वकील उठले आणि समतेवर बोलायला लागले. दीनदुबळे, उपेक्षित, शेवटच्या माणसाची तहान. शब्द एकेक वेचून काढलेला, कुठंही अडखळणं नाही.

माय विहिरीवरून आली होती. हातात रिकामी घागर. त्या दिवशी तिच्यासाठी कुणाला लहर आली नव्हती. ती शाळेच्या भिंतीशी थांबली नाही, सरळ पाराकडे आली. लोकांना वाटलं, पोराकडे चाललीय, कुणी अडवलं नाही. मलाही तसंच वाटलं. तिनं घागर माझ्या पेटीजवळ ठेवली, पारावर चढली आणि टेबलावरचा तांब्या उचलला.

वकील बोलायचे थांबले.

छप्पन साली आमच्या वडीलधाऱ्यांनी जुन्या देवांवर पाणी सोडलं तेव्हापासून आमच्या घरात असले विधी नव्हते. पण खूण तिला माहीत होती, सगळ्यांनाच माहीत होती. तिनं तळहात पुढं केला, हातावरून पाणी खाली सोडलं, आणि साध्या आवाजात, भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाली, “म्या बी सोडलं. तुमा दोघांवर.”

माइक वकिलांच्या हातात होता आणि चालू होता. ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. बटण माझ्या हाताखाली होतं. मी ते पिळलं नाही.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. कुणी तिला बोलेल, कुणी मारायला धावेल, निदान एखादा खाली मान घालेल. तसं काही झालं नाही. सगळ्यांचे डोळे मायकडे नव्हते, तांब्याकडे होते. चेअरमननी आपली खुर्ची मागं सरकवली. एक कार्यकर्ता घाईनं पुढं आला, धोतराच्या सोग्यानं तो तांब्या धरून उचलला आणि पाराखाली ठेवून दिला, आणि दुसरा एक पळत कुणाच्या तरी घरी दुसरा तांब्या आणायला गेला. तो येईपर्यंत वकील खोकत राहिले. घसा कोरडा पडला होता. नवा तांब्या आला, त्यांनी फुलपात्रातून दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि जिथं थांबले होते तिथूनच पुढं सुरू केलं.

“तर बंधूंनो, मी समतेबद्दल सांगत होतो.”

एक शब्द चुकला नाही. ते निवडूनही आले.

सभा संपल्यावर मी वायरी गुंडाळल्या. पाराखालचा तांब्या कुणी उचलला नव्हता, कुणी उचलणारही नव्हतं. माय म्हणाली, “घे, चांगला जाड हाय.” मी तो घेतला. घरी आणून तिनं राखेनं घासला, पितळ नव्यासारखं पिवळं झालं.

दुसऱ्या दिवशी ती तोच तांब्या घेऊन गावच्या विहिरीवर गेली, आणि वरून कुणी ओतेपर्यंत तो हातात धरून उभी राहिली.